आईंची दुमड

सासूबाईंना मी आई म्हणायचे. त्या मला रागात असल्या की सूनबाई म्हणत, एरवी नुसतंच ‘अगं’. माझ्या रोजच्या वहीत त्या पानापानावर आहेत, पण सगळ्या तुकड्यातुकड्यांनी. आज सलग लिहावं म्हणते, कारण सकाळी माझ्या ठमीच्या फ्रॉकची दुमड उसवली आणि तेव्हापासून त्या माझ्या डोळ्यांपुढून हलायलाच तयार नाहीत.

आई शिवणकाम करायच्या. मामंजी लवकर गेले, तेव्हा हे रांगत होते. खिडकीपाशी मशीन, शेजारी इस्त्री आणि पायाशी रांगणारं पोर असा त्यांचा संसार. शाळेचे गणवेश, पडदे, अभ्रे, जे येईल ते शिवत. लहान मुलांच्या कपड्याला मात्र चांगली रुंद दुमड ठेवत आणि पुढच्या वर्षी ती स्वतःच उसवून देत. ‘‘पोर वाढायचं थांबणार आहे का? मग कापडानं का आखडून बसायचं?’’ असं म्हणत.

टाकून देणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. कापडाचा कपटा राहिला की त्याचं ठिगळ, ठिगळातून उरलं की बाहुलीचं पोट. जुन्या कपड्यांची बटणं कापून पत्र्याच्या डब्यात. हे चिडवायचे, ‘‘आई, तुझ्या हातात मी सापडलो असतो ना, तर माझीही बटणं तू दुसऱ्याला लावली असतीस.’’ त्यावर त्या मान वर न करता म्हणत, ‘‘तुझं काय घेऊ? सगळं कापड विरलेलं.’’

म्हातारपणी त्यांच्या मणक्यात आजार शिरला. गोळ्या पोटात ठरेनात, तेव्हा डॉक्टरांनी दुखणं थांबवणारी पट्टी दिली. पातळ, पारदर्शक, पाठीवर चिकटवायची आणि दर तीन दिवसांनी बदलायची. औषध अफूच्या जातीचं, फार जोरकस. पहिली पट्टी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी आई कित्येक महिन्यांनी मशीनवर बसल्या. मशीनचा तो आवाज ऐकून मी स्वयंपाकघरातच हात जोडले. त्यांनी ठमीसाठी पिवळा फ्रॉक बेतायला घेतला.

ठमी म्हणजे माझी लेक, तेव्हा चार वर्षांची. तिचा मुक्काम आजीच्या खोलीत. बटणांचा डबा ओतायचा, बटणं रंगांनुसार लावायची, डबा पुन्हा भरायचा.

नवी पट्टी मी लावायचे. जुनी काढली की आई हात पुढे करत. ‘‘दे इकडे, मी टाकते. तुझं दूध उतू जाईल.’’ दुकानातल्या औषधवाल्या बाईंनी पट्टी कशी टाकायची ते ह्यांना सांगितलं होतं, ह्यांनी आईंना सांगितलं होतं आणि आईंनी ‘हो रे’ म्हटलं होतं.

एका दुपारी खोली फारच शांत वाटली. आई आंघोळीला गेल्या होत्या. ठमी कपट्यांच्या ढिगावर झोपलेली. दुपारची झोप हा तिचा जन्मजात शत्रू, म्हणून मला नवल वाटलं, थोडं बरंही वाटलं. पांघरूण घालायला वाकले तर गुडघ्यावर काहीतरी चमकलं. आजीची पट्टी.

ती ओढून काढली. ठमीला हलवलं, हाका मारल्या. तिनं डोळे किलकिले केले आणि परत मिटले. श्वास चालू होता, पण इतका सावकाश की दोन श्वासांच्या मध्ये मला देवाचं नाव घ्यायला वेळ मिळत होता. ह्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला, मी साध्या पाण्यानं गुडघा धूत राहिले. आई ओल्या केसांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर ठमीवर नव्हती, बटणांच्या डब्यावर होती.

डब्याच्या झाकणाला आतून, अस्तर लावावं तशा, जुन्या पट्ट्या ओळीनं चिकटवलेल्या होत्या.

दवाखान्यात ठमीला औषध टोचलं, छातीला तारा लावल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘वापरलेल्या पट्टीतही पुष्कळ औषध मागे राहतं. मोठ्या माणसाला सोसतं, एवढ्याशा जिवाचा श्वास बंद पाडू शकतं. वेळेवर पाहिलंत.’’

ठमी शुद्धीवर आली ती भांडतच. ‘‘माझी पट्टी कुणी काढली? बाहुलीची पण काढली?’’

‘‘बाहुलीला पण लावलीस?’’ हे उडालेच.

‘‘मग? तिची पण पाठ दुखते.’’

ह्यांनी घरी फोन केला. आईंनी बाहुलीची पट्टी केव्हाच काढली होती, झाकणावरच्या सगळ्या सोलल्या होत्या आणि ताटलीखाली झाकून त्या शेजारी पहारा देत बसल्या होत्या. देवानं लेक परत दिली. त्या दिवशी वहीत मला तेवढंच लिहिता आलं.

घरी आलो तर आई म्हणाल्या, ‘‘अजून चिकट होत्या गं. औषध उरलं असेल, जास्त दुखेल त्या दिवशी लावीन, असं वाटलं. तुला सारखं त्या दुकानाच्या रांगेत उभं राहावं लागतं ना.’’ मग एकदम, ‘‘सूनबाई, आजपासून पोरीनं माझ्या खोलीत यायचं नाही. आणि मला ती पट्टी नको.’’

पाठीवरची पट्टी उतरली तेव्हा त्यांनी नवी लावू दिली नाही. पुन्हा सगळं दुखणं अंगावर आलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. पिवळा फ्रॉक मशीनच्या सुईखाली तसाच अडकलेला. ठमी बंद दाराच्या फटीतून एकेक बटण आत सरकवी आणि विचारी, ‘‘आजी, हे कुणाचं?’’

मी औषधवाल्या बाईंकडे गेले आणि सगळं पुन्हा नीट विचारून घेतलं. घरी येऊन आईंच्या उशाशी बसले.

‘‘आई, तुमची मोठी कात्री कुठे असायची, हे रांगत होते तेव्हा?’’

‘‘खिळ्याला. वर.’’

‘‘आणि सुया?’’

‘‘काम झालं की मोजून डबीत, डबी फळीवर. एवढंही कळू नये का मला?’’

‘‘मग ह्यांना खोलीबाहेर का नाही काढलंत?’’

आई भिंतीकडूनच म्हणाल्या, ‘‘फार शहाणी झालीस.’’ मग माझ्याकडे वळल्या. ‘‘काय म्हणाली ती दुकानवाली?’’

मी साधी जखमेची पट्टी घेऊन दाखवलं. काढल्याबरोबर मधोमध दुमडायची, चिकट बाजू चिकट बाजूला. लगेच संडासात टाकून पाणी सोडायचं. बाकीची औषधं अशी टाकत नाहीत, पण ही घरात क्षणभरही नको, म्हणून हिच्यापुरतं असं. मग पाण्यानं हात धुवायचे. नव्या पट्ट्या कुलपात.

आईंनी माझी दुमड निरखली. ‘‘कड कडेला आली नाही. हे काय शिवण झालं? आण इकडे.’’ आणि स्वतः दुमडून, नखानं इस्त्री केल्यासारखी कड दाबून दाखवली. ‘‘जन्मभर उसवण्यासाठी दुमडी घातल्या. ही एकच, कधी न उसवायची.’’

त्याच दिवशी पाठीवर नवी पट्टी लागली, नव्या पट्ट्यांची पेटी कुलूपबंद कपाटात गेली आणि बटणांचा डबा मी साबणानं घासून काढला. झाकण तर ह्यांनी फेकूनच दिलं. त्याबद्दल ह्यांना ऐकून घ्यावं लागलंच. ‘‘डब्याला झाकण नको? मग तुझ्या तोंडाला तरी कशाला हवं?’’

दोनतीन दिवसांनी आईंनी आपणहून दार उघडलं. ठमीला जवळ बसवून म्हणाल्या, ‘‘आजीची पट्टी म्हणजे आजीची कात्री. हात नाही लावायचा. दिसली तर आईला हाक मारायची.’’ पट्टी बदलायच्या दिवशी मी आईंच्या हाताखाली हात धरून त्यांना संडासापर्यंत न्यायचे. दुमड त्यांचीच, साखळीही त्याच ओढणार. ठमी बाहेर उभी राहून ओरडे, ‘‘गेली का?’’

‘‘गेली!’’

‘‘बघितलं का नीट?’’

‘‘बघितलं गं बाई. आईवर गेलीस अगदी.’’

पिवळा फ्रॉक पुरा झाला. पुढे आईंना उठणं जमेना, तरी जुनी पट्टी त्यांच्याच हाती द्यावी लागे. वेळ लागे, पण कड कडेला आल्याशिवाय माझ्याकडे येत नसे. ठमी त्यांच्या पायाशी बटणं मांडत बसलेली असे. त्या गेल्या तेव्हाही ती तिथेच होती, आणि आजी झोपली समजून हळू आवाजात खेळत होती.

कपाटात काही न वापरलेल्या पट्ट्या राहिल्या होत्या. ह्यांना मोह होता तशाच राहू देण्याचा. आईची वस्तू म्हणून. मग त्यांनीच कुलूप काढलं. आम्ही एकेक उघडली, दुमडली, पाण्यात सोडली. ह्यांची दुमड वाकडी होई, मी पुन्हा दाबून घेई.

‘‘गेली का?’’ ठमीनं बाहेरून विचारलं.

ह्यांनी पुन्हा एकदा साखळी ओढली. मी म्हटलं, ‘‘गेली.’’

आज सकाळी फ्रॉक ठमीच्या गुडघ्यांच्या वर आलेला दिसला. दुमड उसवली. आतलं कापड अजून नवं, पिवळंजर्द. आईंनी टीप इतकी सैल घातली होती की दोरा एका ओढीत सुटून आला. इस्त्री केली, तिला घातला. आता गुडघे झाकतात. देवा, त्या गुडघ्यांसाठी, आणि ज्या हातांनी ही दुमड ठेवली त्या हातांसाठी, मी तुझी ऋणी आहे.