हळद घातलेली गाडी

त्या मेकॅनिकचं नाव विचारायचं राहूनच गेलं, पण आठवण लई येती.

लग्नानंतर लेकीला सासरी सोडायला देगलूरला निघालो आन् बिलोलीजवळ गाडी तापली. गळती थांबावी म्हणून मी शहाण्यानं सकाळीच रेडिएटरात मूठभर हळद घातली होती. तिथल्या मेकॅनिकनं झाकण उघडून बघितलं.

"मामा, लगन पोरीचं होतं का गाडीचं?"

लेक खदखदून हसली. त्यानं चिरलेला पाईप बदलला, कूलंट भरलं, इंजिन चालू करून खाली कागद धरला. थेंब पडला न्हाई.

"झालं मामा, निघा."

"अजून एकदा बघा की," मी म्हणलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग लेकीकडं. कोरडा कागद घेऊन गुमान गाडीखाली शिरला आन् शेजारच्या टपरीवर आमचा दुसरा चहा संपंस्तवर तिथंच पडून राहिला.