रिकामा फ्लॅश

सातपूरचे फोटोग्राफर खंडेराव पिंगळे डिजिटल कॅमेऱ्याला नावे ठेवत. "निगेटिव्ह हातात धरता येते, चिपचा काय भरवसा?" हे त्यांचे कारण मला कधीच पूर्ण पटले नाही.

रोल महाग होता आणि लग्नात प्रत्येक पाहुण्याला फोटो हवा असे. म्हणून दूरच्या नातेवाइकांसमोर खंडेराव शटर न दाबता नुसता फ्लॅश उडवत. अल्बममध्ये चेहरा दिसला नाही, तर "रोल धुताना खराब झाला" हे उत्तर तयार असे.

गिऱ्हाइके तुटू लागली तेव्हा, २००५ मध्ये, त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला. मखमलाबादच्या मळेकऱ्यांची लग्ने तरी त्यांना टिकवायची होती. तिथेच ज्ञानेशच्या लग्नात त्याची लांबच्या नात्यातली आत्या कुसाबाई फोटोसाठी उभी राहिली. आता फोटोला काहीच खर्च नव्हता, तरी सवयीने खंडेरावांनी फक्त फ्लॅश चमकवला.

"दाखवा बरं भाऊ, कशी दिसते मी."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधीच्या पाहुण्याचा फोटो होता.

"मंग ज्ञानेशच्या बहिनीच्या, सुवर्णाच्या लग्नातबी असंच केलं व्हतं का? तव्हा तर म्हनले, रोल खराब झाला."

 त्या घरातले पुढचे लग्न दुसऱ्या फोटोग्राफरकडे गेले. त्यालाही कुसाबाईंनी प्रत्येक फोटोनंतर पडदा दाखवायला लावला.