गुंतवळ

गोरक्ष आकाशाचे फोटो काढतो आणि त्याच्या प्रत्येक फोटोत एक केस येतो, हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. आता केस म्हणजे केस, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण तो केस सुकन्याचा होता, असं गोरक्ष मानायचा, आणि सुकन्या जाऊन दोन वर्षं होत आली होती.

सुकन्या त्याची बायको. तो सुप्याच्या एमआयडीसीत फिटर. दिवसा मशिनी खोलायच्या आणि रात्री कांदे साठवायच्या चाळीमागं दुर्बीण लावून बसायचं, हा त्याचा नाद. चाळीमागंच का, तर कंपन्यांच्या दिव्यांचा उजेड चाळीनं अडतो म्हणून. दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा, एकाच दीर्घिकेचे, म्हणजे गॅलॅक्सीचे, पुन्हा पुन्हा फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. एकट्या फोटोत म्हणावं असं काही दिसत नाही. रचता रचता अंधारातून धुरकट भोवरा वर येतो. इतक्या लांबचा, की तिथून उजेड निघाला तेव्हा इथं माणूस जन्मालाच आला नव्हता. कंपनीतली पोरं त्याला चांदोबा म्हणायची. म्हणेनात का! त्यानं कधी कोणाचं काय बिघडवलं होतं?

सुकन्याला तो हे सगळं सांगायचा. ती म्हणायची, "म्हंजी जे दिसतंय ते आता आसंल का न्हाई, तेबी ठावं न्हाई? आन् त्याच्यापायी तुमी थंडीत कुडकुडताय? धन्य हाय तुमची!" असं म्हणून ओट्याच्या कडेला चहा घेऊन उभी राहायची.

शेवटच्या त्या संध्याकाळी ती न्हालेली होती, केस मोकळे होते. गोरक्ष दुर्बिणीची जोडणी बसवत होता आणि झाकण काढलेला कॅमेरा तिनं दोन्ही हातांनी धरला होता, तान्ह्या पोराला धरावं तसा. तेवढ्यात आभाळ भरून आलं, फोटो काही निघाला नाही. त्याच आठवड्यात तिला ताप भरला. नगरला नेलं. ताप डोक्यात गेला म्हणाले, आणि बाई गेली.

पुढं वर्षभर कॅमेरा कपाटात पडून होता. मग एकदा गोरक्षला राहवेना. त्यानं दुर्बीण लावली, आणि पहिल्याच चित्रात खाली डाव्या कोपऱ्यात एक काळी, वळणदार रेघ उमटली. दुर्बीण दुसरीकडं फिरवली तरी रेघ तिथंच. फोटो रचत जावे तशी ती आणखी काळी होई. फिटर माणूस तो, त्याला लगेच कळलं की आत केस पडलाय. कोणाचा, हेही त्यानं लगेच ठरवून टाकलं.

काढायचाच असता तर रबरी फुंकणीचा एक झोत पुरला असता. पण त्यानं तो काढला नाही. उलट दीर्घिका सोडून तो रेघेकडंच बघत बसायचा. बघता बघता रेघेला मान फुटायची, खांदा फुटायचा. मागं कोणीतरी उभं आहे, ओल्या केसांतल्या शिकेकाईचा वास येतोय, असं वाटून अंगावर काटा यायचा. तो वळून बघायचा. कोणी नसायचं. डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे तेवढे लुकलुकायचे. भीती वाटायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच जाऊन बसायचा.

त्याची आई मालनबाई, तोंडाची फटकळ. आमच्याकडं बायका विंचरलेले केस वाऱ्यावर सोडत नाहीत. त्यांची गुंतवळ करतात, गोळी वळून भिंतीच्या फटीत खोचतात, आणि 'केसावर भांडीऽऽ' ओरडत भांडीवाली आली की तिला देतात. उघड्यावर पडलेल्या केसावर कोणी करणी करील ही भीती. मालनबाई तर या बाबतीत लई कडक.

"केसात जीव गुंततो, गोरक्षा," ती म्हणायची. "काढ त्यो भाईर. नेवाशाला जा, प्रवरेत सोड. तीबी सुटंल आन् तूबी सुटशील."

"माझ्याजवळ तिचं दुसरं काय हाय, आई?"

खरंच काही नव्हतं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, पण तो लग्नातला. त्यात मेकअप थापलेली ही बाई कोण, असं त्याच्या पोरीनं, सृष्टीनं, एकदा विचारलं होतं. मोबाईलवर फोटो काढायची ती सुकन्याच. त्यामुळं त्यात सगळे होते, तेवढी तीच नव्हती.

असंच चाललं असतं. पण एका रविवारी दुपारी मालनबाई ओरडतच ओट्यावर बापलेकीपुढं आली. तिच्या हातात सृष्टीची कंपासपेटी होती आणि पेटीत केसांची गुंतवळ.

"काय गं भवाने, हे काय साठवलंयस?"

चौथीतली पोर ती, शांतपणे म्हणाली, "माझे केस हायेत. पप्पांच्या कॅमेऱ्यात टाकायचेत. म्हणजे मी मेले तरी पप्पा माझ्याकडं बघतील."

आपली पोर घरात चालती-बोलती आहे, आणि आपण तिच्याकडं शेवटचं नीट कधी बघितलं, हेच गोरक्षला आठवेना.

त्यानं तिथंच बाजेवर काळं फडकं अंथरलं आणि कॅमेरा उघडला. आतला छोटा आरसा वर उचलला आणि मागच्या काचेवर जपून फुंकणी मारली. हा गेला की ती गेली, एवढंच त्याच्या मनात होतं. केस फडक्यावर पडला.

पांढरा! अगदी पांढराधोप.

सुकन्याच्या डोक्यात औषधाला पांढरा केस नव्हता. पांढऱ्या केसाची सावलीसुद्धा काळीच पडते, एवढी साधी गोष्ट त्या फिटरच्या ध्यानात आली नव्हती. त्यानं हळूच आईच्या डोक्याकडं बघितलं.

"आई, तू उघडला होतास कॅमेरा?" त्याचा आवाज चढला होता.

मालनबाई खाली बसली. "व्हय. ती गेल्यावर. तू येड्यावानी पडून असायचा. आन् मला तिचं तोंड आठवंना रं! रोज डोळ्यापुढं वावरलेली पोर, आन् तोंडच आठवंना. भिंतीवरल्या फोटूतली ती आपली न्हवं. मला वाटलं, येवढं रातरात फोटू काढतोय, बायकूचा येक तरी काढला आसंल. झाकन काढून आत बघितलं."

"मग?"

"आत बारकुला आरसा हुता. त्यात मीच."

गोरक्ष हमसून हमसून रडला. कुठल्या कुठल्या काळातला उजेड त्यानं थेंब थेंब करून गोळा केला होता, आणि चहा घेऊन उभ्या राहिलेल्या बायकोचा एक फोटो काढला नव्हता. रोज तर दिसते, तिचा काय काढायचा! आता ती केसातसुद्धा नव्हती. वर्षभर ज्याला जीव लावला तो आईचा केस होता, आणि आई शेजारच्या खोलीत एकटीच सुनेचं तोंड आठवत पडलेली होती.

मालनबाईनं फडक्यावरचा केस चिमटीत उचलला, सृष्टीच्या गुंतवळीत गुंडाळला आणि भिंतीच्या फटीत खोचून टाकला. मग डोक्यावर पदर घेऊन बाजेवर ताठ बसली आणि नातीला जवळ ओढलं.

"झालं आसंल रडून तर त्या कॅमेऱ्याला साधं भिंग लाव."

"कशाला?"

"आमचा काढून ठिव. न्हाईतर उद्या माझंबी तोंड हुडकत बसशील."

त्यानं लेन्स लावली, फोटो काढला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ धरली. सवयीनं नजर आधी खाली डाव्या कोपऱ्यात गेली. रेघ नव्हती. ओट्याची कड होती, सुकन्या जिथं चहा घेऊन उभी राहायची ती. रिकामी.

"आले का रं मी?" मालनबाईनं विचारलं.

"आलीस," तो म्हणाला.