न घेतलेला चहा

कॉलेजला सुट्टी असली की मी सिस्टरांबरोबर जीपमधून भाजे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत जायचे. लोणावळ्यात त्यांच्याच शाळेत मी शिकले होते. त्या मूळच्या केरळच्या, कॉन्व्हेंटमधल्या नन आणि शिक्षणाने नर्स. वाडीत त्या ताप बघायच्या, जखमा बांधायच्या, औषधं द्यायच्या. मी लहान मुलांना चित्रं काढून दाखवायचे, कारण त्यात फार बोलावं लागत नसे. बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ही पोर बोलती का नुसतीच बघती?" मग सगळ्या हसायच्या, सिस्टरसुद्धा.

सिस्टर कुणाच्याच घरात शिरत नसत. समाजमंदिराच्या ओट्यावर बसूनच त्यांचं काम चालायचं. प्यायचं पाणी आणि डबा जीपमध्ये असे. कुणी चहा आणला की त्या हात जोडून म्हणायच्या, "आत्ताच झाला." तो झालेला नसायचा. एकदा परतताना मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं, की आधीच्या ठिकाणी कुणीतरी अफवा उठवली होती, या बायका घराघरात चहा पितात आणि माणसं बाटवतात. त्यांना स्वतःला काही झालं नाही. ज्या घरात त्या बसायच्या, त्या घराशी मात्र गावानं बोलणं टाकलं. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, कुणाच्या घरचं काही घ्यायचं नाही.

मला ते अगदी बरोबर वाटलं. आपला कुणाला त्रास होऊ नये, हेच आम्हाला शाळेत शिकवलेलं होतं.

वाडीत एक मावशी होत्या. त्यांची नात औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी अक्षराला अक्षर जुळवून वाचायची. ती सातवी झाली तेव्हा सिस्टरांनी मावशींना विचारलं, हिला आमच्या बोर्डिंगमध्ये पाठवता का, दहावीपर्यंत सगळं आम्ही बघू. मावशी म्हणाल्या, बघू. पुढच्या जूनमध्ये म्हणाल्या, औंदा नको. त्यानंतर म्हणाल्या, घरात इचारते. पोरीला आजीचा लळा असेल, असं सिस्टर परतीच्या वाटेवर स्वतःलाच समजावायच्या. मग त्यांनी विचारणं सोडलं. पोर कुसगावच्या एका हॉटेलात चादरी धुवायला जाऊ लागली.

गेल्या वर्षी सिस्टरांचे गुडघे गेले आणि त्यांना केरळला परत बोलावलं. त्यांच्यात निरोप समारंभ वगैरे नसतो. सांगितलं की निघायचं. वाडीला ते माझ्याकडूनच कळलं.

या हिवाळ्यात मी एकटीच गेले. मावशी दारात नाचणी पाखडत बसल्या होत्या. सिस्टरांची चौकशी करून झाली. मग मी विचारलं, नातीला का नाही पाठवलं. सूप थांबलं.

"शिस्टरबाई लय चांगली," त्या म्हणाल्या. "पर आमच्यातलं पानी तिनं कदी घेतलं न्हाई. पानी कोन घेत न्हाई आन का, ते आमाला चांगलं ठावं हाय. मंग तितं माजी पोर कुटं जेवली असती? भाईर बसून?"

मी त्यांना खरं कारण सांगितलं. चहाचं, त्या गावाचं, बोलणं टाकलेल्या घराचं. आयुष्यात एका दमात मी इतकं क्वचितच बोलले असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग सांगायचं न्हाई व्हय?"

मी सिस्टरांना फोन लावून दिला. मावशींनी त्यांना पाण्याचं आणि पोरीला न पाठवल्याचं सांगितलं. मग सिस्टर म्हणाल्या, "मावशी, माझा चूक झाला." इतकी वर्षं इथे काढून त्यांचं मराठी तसंच राहिलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "आमीबी इचारलं न्हाई."

सिस्टरांनी नातीला फोनवर बोलावलं. ती कामाला निघण्याच्या तयारीत होती. शाळेत न जाताही दहावीला बसता येतं, सिस्टर तिला सांगत होत्या. ती "व्हय सिस्टर" म्हणत राहिली. शेवटी म्हणाली की सीझनला हॉटेलवाले सुट्टी देत नाहीत आणि आता पुस्तक उघडलं की झोपच येते. मग तिने गुडघ्यांची चौकशी केली.

आम्ही दोघी बरोबरच डोंगर उतरलो. बरंच खाली आल्यावर तिने विचारलं, बोर्डिंगमधल्या पोरी जेवायला कुठे बसतात. मी सांगितलं, लांब बाकं आहेत, सगळ्या एकत्रच बसतात.

"आन वाढतं कोन?"

"सिस्टर."

"सगळ्यांस्नी?"

"सगळ्यांना."

पुढे मळवली स्टेशनपर्यंत ती हॉटेलबद्दल बोलत होती, पावसाळ्यात चादरी कशा वाळत नाहीत, त्याबद्दल.