हळदीचं गाणं कोणी गायलं

जळगावात मी लग्नाचे व्हिडिओ काढते आणि एडिटही करते. हळदीच्या चित्रणाला मी बरीच वर्षं एक ठरलेलं अहिराणी गाणं लावायचे. कॅसेटच्या जमान्यातलं. त्या आवाजानं रुसून बसलेली आत्यासुद्धा उठून नाचायची. कॅसेटवर नथ घातलेल्या एका गोऱ्यापान तरुणीचा फोटो होता. गायिका तीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एकदा पिंपळनेरला हळदीच्या शूटिंगला गेले. मागच्या अंगणात बायका चुलीवरच्या उपड्या खापरावर पुरणाचे मांडे भाजत होत्या. मांडवात ते गाणं लागलं, तशी त्यांच्यातली साठी ओलांडलेली एक बाई हातावर मांडा फिरवता फिरवता गुणगुणायला लागली. गाण्यात एक अवघड हरकत आहे, सुरांची झटकन घेतलेली गिरकी. ती स्पीकरमधून येण्याच्या क्षणभर आधीच तिनं घेतली, जशीच्या तशी.

"अक्का, गाणं पाठ दिसतंय तुम्हाला."

"पाठ काय, मनंच गाणं शे," ती म्हणाली आणि मांडा खापरावर टाकला.

शेजारची बाई हसली. "कोनंबी लगीन राहो, आसंच सांगस ती."

मी मात्र हसले नाही. गाणं आपलंच असल्याचं तिचं म्हणणं मला खोटं वाटेना. ती हरकत ऐकून ऐकून उचललेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. तिनं सांगितलं, तरुणपणी ती भजनात गायची, तिथे एका कॅसेटवाल्यानं तिला ऐकलं. धुळ्याला नेऊन एका दिवसात आठ गाणी गाऊन घेतली. कॅसेट आली तेव्हा तिचं नाव कुठंच नव्हतं. "आवाज मना, फोटो दुसरीना," ती म्हणाली. पुढे कॅसेटी बंद पडल्या, आणि तिनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम धरलं. गावात कुणाचा विश्वास बसेना, म्हणून हळूहळू तिनं एरवी सांगणं सोडलं, लग्नात ते गाणं लागलं तरच सांगायची.

मी तिच्यावर माहितीपट करायचं ठरवलं. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी कॅमेरा घेऊन पिंपळनेर गाठायचे. पण जुन्या कॅसेटींत खरखर फार, आणि गाण्यांशिवाय चित्रपट कसला? मी म्हटलं, "अक्का, स्टुडिओत येऊन पुन्हा गा."

"मना आवाज गया, पोरी."

चार महिने ती नाहीच म्हणत राहिली. शेवटी सूनच तिला एसटीनं जळगावला घेऊन आली.

पहिल्यांदा वरच्या सुरावर आवाज फाटला. दुसऱ्यांदाही. काचेमागून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "राहू द्या अक्का, कॉम्प्युटरवर नीट करून घेऊ."

तिनं हेडफोन काढून ठेवला. "मशीन लावशी त मी घर जास." मग पेटीवाल्याकडे वळली. "पट्टी उतार. दोन सूर खाले."

पट्टी उतरली आणि ते गाणं वेगळंच झालं. तरुणपणी नुसती धावणारी ओळ आता थांबत, बघत चालली होती. हरकत जवळ आली. तिनं ती घेतली, आणि तिच्या पाठोपाठ आणखी एक घेतली, जी जुन्या कॅसेटीत नव्हतीच. गाणं संपलं तरी ढोलकीवाला वाजवतच राहिला. त्या दिवशी तिनं पाच गाणी दिली. त्यांचाच अल्बम निघाला, तिच्या नावानं, तिच्या फोटोसह.

माहितीपट पहिल्यांदा दाखवला तो पिंपळनेरच्याच मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी. खुर्च्या संपल्या, बायका सतरंज्यांवर बसल्या. शेवटाकडे एका ठिकाणी मी जुनं रेकॉर्डिंग आणि नवं, एकापाठोपाठ एक लावलं होतं. नव्या गाण्यात ती हरकत आली, आणि मांड्यांपाशी हसलेली तीच शेजारीण उभी राहून ओरडली, "हाई तीच शे व, माय! तीच शे!"

टाळ्या थांबेनात. अक्का पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती. बायकांनी तिला हाताला धरून उठवलं. "पडदा राहू द्या, अक्का, तुम्हीच गा!"

मी चित्रपट बंद केला. ती माईकशिवाय गायली, आणि दुसऱ्या कडव्याला सगळं सभागृह तिच्याबरोबर गात होतं, कुणीच नुसतं बसून राहिलं नाही. त्यानंतर पुन्हा चित्रपट लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या चित्रपटाची शेवटची दहा मिनिटं पिंपळनेरनं अजून पाहिलेली नाहीत.