बरं हाय, साहेब

तुमच्या मोठ्या आई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शेवटी परभणीत आमच्याकडे राहायला होत्या. त्यांचं घर मानवतजवळच्या गावी. दाराशी उंच दगडी पायऱ्या, आणि गुडघ्यांमुळे त्यांना त्या चढवत नव्हत्या. "माझे गुडघे तेवढे नीट करून दे, मग मी माझ्या पायानं घरी जाते," एवढंच त्यांचं मागणं होतं.

दवाखान्याशी रिक्षातून उतरताना त्या माझा खांदा घट्ट धरायच्या, ओठ दाताखाली दाबायच्या. पण डॉक्टरांनी "कसं आहे, मावशी?" विचारलं की पदर सावरून म्हणायच्या, "बरं हाय, साहेब. तुमच्या गोळीनं लय आराम पडला."

बाहेर आल्यावर मी चिडायचे. "अहो, सकाळी उठताना रडलात ना?"

"मग काय त्याच्या तोंडावर म्हणू, तुझं औषध कुचकामी हाय? एवढं शिकलेलं लेकरू. तुमा मास्तरणींना चुकाच काढायची सवय."

डॉक्टर दर वेळी तेच लिहीत गेले: गुडघेदुखी, औषधाने आराम. ऑपरेशनसाठी विम्याची मंजुरी मागितली तेव्हा कागद परत आले. दवाखान्यात ते काम बघणाऱ्या मुलीने मला समजावलं, "आजी, डॉक्टरांनी लिहिलेल्यावरून आम्ही विम्याच्या कागदावर आजाराचा ठरलेला कोड लावतो. नुसती गुडघेदुखी म्हणजे एक कोड. झीज आहे, कोणत्या गुडघ्याची, असं लिहिलं तर दुसरा. आणि आराम पडलेल्या माणसाचं ऑपरेशन कोण मंजूर करेल?"

"पण एक्स-रे आहे ना!"

"एक्स-रे बघून मला कोड लावता येत नाही. डॉक्टरांनी लिहायला हवं."

पुढच्या खेपेला मी दारातच म्हटलं, "आज खरं बोलला नाहीत तर घर विसरा." आत गेल्यावर जाऊबाई खुर्चीत टेकल्या. मग म्हणाल्या, "साहेब, राग मानू नका. उजव्या पायावर भार देववत न्हाई. संडासला बसता येत न्हाई. तुमच्या गोळीनं काई फरक न्हाई." आणि कुणाचा तरी अपमान केल्यासारख्या रडल्या.

डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झोपवून गुडघे पुन्हा तपासले आणि मग सगळं लिहिलं: दोन्ही गुडघ्यांची वयोमानाने झीज, उजव्याची जास्त, औषध आणि व्यायामाने फरक नाही.

मंजुरी आली. पण तोवर त्यांचं हृदय थकलं होतं. भूल देणारे डॉक्टर नको म्हणाले.

त्यानंतर त्यांनी घराचा विषय काढला नाही. अखेरच्या आजारपणात तेच गुडघ्यांचे डॉक्टर खाटेशी येऊन उभे राहिले. "कसं आहे, मावशी?"

"बरं हाय, साहेब."

डॉक्टरांनी या वेळी काही लिहिलं नाही. नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्या गेल्या तेव्हा तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सांगते. आम्ही त्यांना गावीच नेलं. गाडी दाराशी थांबली आणि भावकीतल्या माणसांनी त्यांना उचलून त्या पायऱ्या चढवल्या.