आईच्या फोनचं लॉक

मंडळी, आज आर्णीत घरी बसून ऑफिसचं काम करत होते. सायबर सुरक्षेचे नेहमीचे नियम आणि जहाजांसाठीचे नियम, यांची तुलना. ऑफिसात माणूस उठला की स्क्रीन लॉक झाली पाहिजे. जहाज चालवणाऱ्यासमोरची स्क्रीन मात्र ऐनवेळी लॉक होऊन चालत नाही; तिथं त्याऐवजी त्या खोलीचं दार सांभाळायचं, कोणीही आत येऊ नये म्हणून.

तेवढ्यात आई फोन घेऊन आली. जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या भावाचा कॉल हुकला होता, आणि परत लावायचा तर मी कालच टाकलेला पासवर्ड तिला आठवत नव्हता.

मी लॉक उघडून कॉल लावेपर्यंत त्याची रेंज गेली.

"काहून लावलं वं हे? माह्या फोनात चोरासाठी हाये काय?"

चोरण्यासारखी एकच गोष्ट होती, भावाचा आवाज. ती आज माझ्याच लॉकनं नेली.

लॉक काढलं. फोन आता तिच्या कमरेच्या पिशवीत आहे, आणि दर थोड्या वेळानं ती पिशवी चाचपून बघते.

तुमच्या घरी कोण वाट बघतंय अशी?